अंदाजात हवा 'मध्यम' आणि पहाटे लेकराला दम. आपल्याकडचा हवेचा अंदाज यंदा इतका का चुकायलाय?

जालन्याची_माय | ३ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. माझी लेक नऊ वर्षांची आहे, चौथीत. तीन वर्षांपासून तिला बालदमा आहे. तेव्हापासून रोज रात्री झोपायच्या आधी मी मोबाइलवर उद्याच्या हवेचा अंदाज बघते. खराब दाखवली की सकाळच्या ऑटोला नको म्हणते आणि दहानंतर मीच शाळेत सोडते.

मागच्या वर्षीपर्यंत हे बऱ्यापैकी जमायचं. यंदा पार गणित बिघडलंय. परवा सोमवारचंच सांगते. रात्री अंदाज १०५ होता, 'मध्यम'. पहाटे साडेचारला तिच्या छातीतून मांजराच्या पिल्लासारखा आवाज यायला लागला. उठून खिडकी बंद करायला गेले तर बाहेर काडीकचरा जळाल्याचा वास, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेला दिवा नुसता पिवळा ठिपका दिसत होता. नेब्युलायझर लावून तिला मांडीवर घेऊन बसले. सात वाजता मोबाइल बघितला तर आकडा ११२. म्हणजे आमच्या घरात जे झालं त्याचा त्या आकड्याला पत्ताच नाही.

नोव्हेंबरपासून असं तीनदा झालं. अंदाजच चुकतोय, का पाऊस-थंडीचं वेळापत्रक बदलल्यामुळं अंदाज करणाऱ्यांचंही चुकतंय? आणि मी नक्की कशावर विसंबावं? जाणकारांनी सांगा.

रब्बीची_ज्वारी | ३ डिसेंबर, रात्री १०:१५

ताई, वाचून जिवाला लागलं. मी मानवत तालुक्यातला शेतकरी, आमच्या बाजूचं काय झालं ते खरं खरं सांगतो.

यंदा सप्टेंबरात पाण्यानं आमचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. सोयाबीन आठ दिवस पाण्यात उभं होतं. काढणी लांबली, मळणीयंत्र दिवाळीनंतर बांधावर आलं. एरवी भुसकट जनावराला जातं, यंदा ते काळं पडलेलं, बुरशी धरलेलं, बैल तोंड लावीना. गंजी तशीच कुजायली होती आणि ज्वारी-हरभऱ्याची पेरणी आधीच महिनाभर मागं. मंग काय करणार, पेटवली. ओलं भुसकट भडकत नाही, नुसतं धुमसतं. आमची गंजी चार दिवस धुमसत होती, रात्री उठलं की डोळे चुरचुरायचे.

आणि मुद्दा असा की हे मी एकट्यानं नाही केलं. वाफसा, म्हणजे पाणी ओसरून रानात पेरणीजोगी ओल, सगळ्यांना एकाच आठवड्यात आला. एरवी कोणी दसऱ्याच्या आधी मोकळं होतं, कोणी नंतर, धूर महिनाभरात थोडा थोडा विभागून जातो. यंदा अख्ख्या शिवारानं एकाच आठवड्यात जाळलं आणि नेमका त्याच आठवड्यात गारठा पडला. मोबाइलमधल्या त्या अंदाजाला वाफसा कळतो का हो?

नांदेडी_मिरची | ३ डिसेंबर, रात्री १०:३२

"वाफसा कळतो का?" लाखातला प्रश्न विचारलात दादा.

अंबाजोगाईकर_पुण्यात | ३ डिसेंबर, रात्री ११:५०

ताई, लेक आता कशी आहे? मी वातावरणशास्त्रात एमएस्सी केलंय, थोडं उलगडून सांगायचा प्रयत्न करतो. लांबेल, पण वाचा.

पहिली गोष्ट. तुम्ही सात वाजता पाहिलेला ११२ हा त्या क्षणाचा आकडा नव्हता. आपल्याकडचा हवा गुणवत्ता निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, धुळीच्या कणांसाठी मागच्या २४ तासांची सरासरी धरतो. पहाटे तीन ते सहा हवा भयंकर असेल आणि आदल्या दिवशी दुपारी चांगली असेल, तर दुपारची चांगली हवा त्या सरासरीत मिसळते आणि आकडा जेमतेम हलतो. तुमच्या लेकीची छाती सरासरी घेत नाही, ती त्या तासाची हवा घेते. म्हणून ॲपमध्ये तासाचा पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचा आकडा, दिसत असेल तर तो बघा.

दुसरी गोष्ट. हवेचा अंदाज तीन गोष्टींवर उभा असतो: धूर-धूळ किती निघणार, वारा ती कुठं नेणार आणि ती किती उंचीपर्यंत मिसळणार. तिसरीकडं आपलं लक्ष कमी जातं. उन्हाळ्यात दुपारी जमीन तापते, हवा उसळते, धूर दोन-अडीच किलोमीटर उंचीपर्यंत विरळ होत जातो. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं गार होते, तिला चिकटलेली हवा गार आणि वरची त्या मानानं उबदार राहते. शाळेत भूगोलात 'तापमानाची विपरीतता' शिकलो होतो, तीच ही. तेव्हा धुराला पसरायला शंभर-दोनशे मीटरच मिळतात, कधी त्याहून कमी. तेवढाच धूर, पण दहा-पंधरा पट छोट्या खोलीत कोंडलेला. उंचीच्या अंदाजात पन्नास मीटरची चूक झाली तरी पहाटेचा आकडा कुठल्या कुठं जातो.

तिसरी गोष्ट आपल्या भागाची. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेची हवेचा अंदाज देणारी 'सफर' यंत्रणा २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी सुरू झाली, मग पुणे, मुंबई आणि अहमदाबादला. त्या शहरांसाठी कुठल्या भागात किती वाहनं, किती भट्ट्या, किती चुली याची बारीक मोजणी केली गेली. मराठवाड्यातलं एकही शहर त्यात नाही. आपल्या मोबाइलवर दिसणारा अंदाज बहुतेक वेळा जागतिक मॉडेलवरून, म्हणजे अख्ख्या जगासाठी संगणकावर केलेल्या गणितावरून, आलेला असतो. युरोपच्या कोपर्निकसच्या जागतिक मॉडेलची एक चौकट साधारण ४० किलोमीटरची आहे. म्हणजे जालना शहर, बदनापूर आणि मधली सगळी रानं मिळून एकच आकडा.

आणि रब्बीची_ज्वारी दादांनी एका वाक्यात जे विचारलं तेच खरं दुखणं आहे. धूर कधी निघतो याचा अंदाज बऱ्याचदा मागच्या वर्षांच्या ठरावीक वेळापत्रकावर बांधलेला असतो. उपग्रहाला आग दिसते, पण तो डोक्यावरून जायची वेळ ठरलेली, साधारण दुपारी दीड आणि रात्री दीड. संध्याकाळी पाचला पेटवलेली आणि ज्वाळा नसलेली, नुसती धुमसणारी गंजी त्याच्या नजरेतून सहज सुटते. ढग असले तर विषयच संपला.

सळईचा_माणूस | ४ डिसेंबर, सकाळी ७:५५

सगळं मान्य, पण जालन्याच्या धाग्यात शेतकऱ्याचं भुसकटच तेवढं दिसायलंय याचं नवल वाटलं. मी सळईच्या भट्टीवर अकरा वर्षं काम केलंय. रात्रपाळीला भंगार वितळताना जो धूर निघतो तो मी याच छातीत घेतलाय. सगळे कारखाने सारखे नसतात, काही ठिकाणी धूर ओढून गाळायची यंत्रणा चोख चालते, काही ठिकाणी ती तपासणीच्या दिवशीच चालू दिसते. भट्टी वर्षभर पेटलेली असते, मंग उन्हाळ्यात लोकांना त्रास कमी आणि डिसेंबरात जास्त कामून? तर वर सांगितलं तसं, हवा कोंडते म्हणून. थंडीला दोष देऊन भट्टीला मोकळं सोडू नका एवढंच म्हणणं आहे.

आणि धूळ. पुरात रस्त्यावर आलेला गाळ कोणी उचलला का? वाळला, ट्रकच्या चाकाखाली पीठ झाला, आता उडायलाय.

बाळरोग_लातूर | ४ डिसेंबर, दुपारी २:१०

मी बालरोगतज्ज्ञ आहे. ताई, आधी महत्त्वाचं: रोजचा पंप (इनहेलर) हवा चांगली दिसली म्हणून बंद करायचा नाही. दर हिवाळ्यात माझ्याकडं अशी चार-पाच लेकरं येतात ज्यांच्या घरच्यांनी 'बरं वाटतंय' म्हणून पंप थांबवलेला असतो.

दुसरं म्हणजे पहाटे दमा वाढतो तो फक्त हवेमुळं नाही. पहाटेच्या वेळी श्वासनलिका तशाही जास्त आकसलेल्या असतात, गार हवा आणि सर्दीचे विषाणू त्यात भर घालतात. त्यामुळं प्रत्येक त्रासाचं खापर धुरावर फोडलं तर चूक होईल, आणि धूर सोडून दिला तरी चूकच. नोंद ठेवा. पीक फ्लो मीटर नावाचं फुंकायचं साधं प्लास्टिकचं उपकरण मिळतं, श्वास किती जोरात सोडता येतो ते त्यात कळतं; आकडा घसरला म्हणजे श्वासनलिका आकसल्यात. सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकायला लावा, सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहा, आणि शेजारी त्या वेळची हवा कशी होती ते. महिन्याभरात तुम्हालाच दिसेल तिला कशानं होतंय.

औट्रमघाट | ४ डिसेंबर, संध्याकाळी ६:२०

माझा वेगळाच गोंधळ. संभाजीनगरला माझ्या 'समीर' ॲपवर ९८ आणि मित्राच्या मोबाइलवर त्याच वेळी १५२. कोणाचं खरं?

अंबाजोगाईकर_पुण्यात | ४ डिसेंबर, रात्री ८:०५

दोन्ही खरे असू शकतात! समीर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं आहे, त्यावर भारतीय मोजपट्टी. परदेशी ॲप अमेरिकी मोजपट्टी वापरतात. एक घनमीटर हवेत पीएम २.५ कण ६० मायक्रोग्रॅम असले तर भारतीय निर्देशांक १०० येतो आणि अमेरिकी १५० च्या वर जातो. हवा तीच, पट्टी वेगळी. आपली २४ तासांची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सुचवलेली १५. म्हणून ताई, आपल्या पट्टीवर १०० पर्यंतच्या हवेला लावलेला 'समाधानकारक' हा शब्द दम्याच्या लेकरासाठी लिहिलेला आहे असं समजू नका. आणि कुठलंही एकच ॲप धरा, दोन्हीचे आकडे एकमेकांत मिसळू नका.

निवृत्त_गुरुजी_किनवट | ४ डिसेंबर, रात्री ९:३०

मी भूगोल शिकवला छत्तीस वर्षं. विपरीततेचा धडा शिकवताना मुलांना संध्याकाळी गावाबाहेर न्यायचो. दिवेलागणीला चुली पेटल्या की धुराकडं बघायला सांगायचो. वारं असेल तर धूर तुटून जातो. वारं पडलेलं आणि आभाळ निरभ्र असेल तर धूर लिंबाच्या शेंड्यापर्यंत सरळ चढतो आणि तिथं एकदम थबकतो, जणू वर कोणी पत्रा ठेवलाय, आणि तिथून आडवा होतो. सगळ्या घरांचे धूर एकाच उंचीवर येऊन मिळतात आणि गावावर एक निळी चादर तयार होते. ज्या संध्याकाळी ही चादर लवकर दिसेल त्या पहाटे धुई (धुकं) आणि धूर एकत्र येणार. ताईंनी हे करून बघावं. खर्च काही नाही.

हरभऱ्याचा_घाटा | ४ डिसेंबर, रात्री ९:४४

गुरुजी, नमस्कार. माझी आजी हेच पाहून म्हणायची की "धूर बसला, उद्या धुई, हरभऱ्याला नड."

पाणलोट | ५ डिसेंबर, सकाळी ११:००

मला एक गोष्ट खटकतेय. प्रत्येक गोष्टीला 'हवामान बदललं' म्हटलं की प्रशासन सुटतं. देशातली हवा सुधारण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला, त्याच्या यादीत आपल्याकडची संभाजीनगर, जालना आणि लातूर ही शहरं आहेत. म्हणजे हवा खराब आहे हे कागदावर कधीच मान्य झालंय. मोजणारी केंद्रं पुण्या-मुंबईइतकी दाट करा, रस्ते झाडा, कचराडेपो पेटू देऊ नका. अंदाजाला पायाच मिळाला नाही तर तो बरोबर कसा येईल?

अंबाजोगाईकर_पुण्यात | ५ डिसेंबर, दुपारी १:३०

पाणलोट, केंद्रांबद्दल शंभर टक्के सहमत. मॉडेलला रोज खरा आकडा भरवला तरच ते आपली चूक दुरुस्त करतं. पण हवामानाचा भाग खोटा नाही. २०२० ते २०२३ सलग तीन वर्षं ला निना होतं, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार होतं आणि त्यानं लांबवरचे वारे-पाऊस बदलतात. त्यातल्या शेवटच्या हिवाळ्यात मुंबईची हवा नेहमीपेक्षा वाईट आणि दिल्लीची त्या मानानं बरी राहिली. 'सफर'चे संस्थापक संचालक गुफरान बेग यांनी त्याचा संबंध बदललेल्या वाऱ्यांशी जोडलाय. शहरातली वाहनं एका वर्षात तेवढी बदलत नाहीत, वारं बदलतं.

आपल्याकडचं बोलायचं तर ऑगस्ट २०२३ आठवा. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. पावसाळ्यात हवा धुतलेली असणार हे कोणीही गृहीत धरतं, पण पाऊसच नव्हता.

दुष्काळाचा_साक्षीदार | ५ डिसेंबर, संध्याकाळी ५:१५

यावरून विचारतो. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आणलं त्या सालात आमच्याकडं धुळीनं जीव नकोसा केला होता, आणि यंदा पाणीच पाणी होऊनही हवा खराब. मंग चांगलं साल कोणतं?

अंबाजोगाईकर_पुण्यात | ५ डिसेंबर, रात्री ९:१०

फार चांगला प्रश्न. दोन्ही सालांत आजार वेगळा. कोरड्या सालात उघडी जमीन, मोठे कण, म्हणजे पीएम १०. शिवाय कोरडी जमीन रात्री लवकर थंड पडते, हवा कोंडायला तेवढंच पुरतं. ओल्या सालात मोकळ्या रानातली धूळ बसते, पण सूर्याची बरीच उष्णता जमिनीतलं पाणी उडवण्यात जाते, त्यामुळं दुपारी हवा पाहिजे तेवढी उसळत नाही. पहाटे दमट हवेत धुराचे बारीक कण पाणी धरून फुगतात आणि धुकं दाट होतं. एका सालाच्या अनुभवावर बेतलेला अंदाज दुसऱ्या सालात फसतो तो असा. आणि आता सालं लागोपाठ टोकाची यायलीत, मधलं साल मिळणंच दुर्मीळ झालंय.

स्वस्तातले घरगुती सेन्सर घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, धुई असली की ते पाण्याच्या थेंबांनाही धूळ समजून आकडा फुगवतात.

नांदेडी_मिरची | ५ डिसेंबर, रात्री ९:४०

एवढा अभ्यास शाळेत केला असता तर... जाऊ द्या. विषय धुराचा निघालाच आहे तर विचारते, यंदा हुरडा कधी? आगटीचा धूर चालतो ना, गुरुजी?

रब्बीची_ज्वारी | ५ डिसेंबर, रात्री १०:०२

पेरणीच उशिरा, त्यामुळं हुरडा जानेवारीच्या शेवटी. आगटी दुपारी अकरानंतर पेटवू, तेव्हा धूर वर जातो. जालन्याच्या ताईंनी लेकीला घेऊन यायचं, तिला वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवू. शेंगदाण्याची चटणी आणि दही आमच्याकडं.

हरभऱ्याचा_घाटा | ६ डिसेंबर, सकाळी ८:२०

दादा, जाळण्याबद्दल एक सांगू का. आम्ही गावात यंदा कापूस निघाल्यावर पऱ्हाटी जाळायची नाही, कुट्टी करून रानातच गाडायची असं ठरवायलोय. यंत्र भाड्यानं मिळतं, पण ट्रॅक्टरचं डिझेल अंगावर येतं. सगळ्यांना झेपत नाही.

रब्बीची_ज्वारी | ६ डिसेंबर, दुपारी १२:४५

झेपत नाही हे खरंच आहे. पण परवापासून ते लेकरू डोक्यातून जाईना. माझ्या डोक्यात एक आलंय, जाणकारांनी चूक असेल तर सांगा. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. त्यात वाफसा आला की पेरा, फवारणी कधी करा, सगळं असतं. त्यांना वाफसा कळतो! मंग त्याच सल्ल्यात एक ओळ का नको, की पुढचे तीन दिवस वारं पडणार आहे, काही पेटवू नका, आणि जाळायची वेळ आलीच तर भर दुपारी, संध्याकाळी नाही? शेतकरी तो सल्ला वाचतो. एक्यूआय कोणी वाचत नाही.

अंबाजोगाईकर_पुण्यात | ६ डिसेंबर, दुपारी १:२०

दादा, चूक काहीच नाही. हवेच्या अंदाजाला जी माहिती मिळत नाही ती शेतीच्या सल्ल्यात आधीच असते, आणि शेतकऱ्याला जो इशारा मिळत नाही तो हवेच्या अंदाजात असतो. मी विद्यापीठाला मेल लिहितो, मसुदा इथं टाकतो, तुम्ही शेतकऱ्याच्या भाषेत दुरुस्त करा.

बाळरोग_लातूर | ६ डिसेंबर, दुपारी ३:००

माझी सही घ्या.

सळईचा_माणूस | ६ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

माझीही. फक्त त्यात लिहा की वारं पडणाऱ्या रात्रींचा इशारा भट्ट्यांनाही जायला पाहिजे, नुसता बांधावर नको.

जालन्याची_माय | २१ डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

उशिरा लिहितेय, पण रोज वाचत होते. सगळ्यांचे उपकार कसे मानू कळत नाही.

डॉक्टरसाहेबांनी सांगितलं तसं मीटर आणलं, दोनशे पानी वही घातली. गुरुजींनी सांगितलं तसं रोज दिवेलागणीला लेकीला घेऊन गच्चीवर जाते. समोर पत्र्याच्या घरात एक काकू चुलीवर पाणी तापवतात, त्यांचा धूर बघतो. लेकीनं त्याला नावं ठेवलीत, उभा धूर, पळता धूर आणि झोपलेला धूर. वहीत तीच लिहिते.

पंधरा दिवसांत सहा वेळा झोपलेला धूर. त्यातल्या चार पहाटे तिचा आकडा १७० च्या आसपास आला, एरवी २१० ते २२० असतो. उरलेल्या दोन वेळा काहीच झालं नाही, त्यातल्या एका रात्री आभाळ आलं होतं. एकदा पळता धूर असूनही त्रास झाला, तेव्हा घरात सगळ्यांनाच सर्दी होती. म्हणजे डॉक्टरसाहेब म्हणाले तेही खरं. त्या चार दिवशी मोबाइलचा अंदाज एकदाच 'खराब' होता.

शाळेत जाऊन वही दाखवली. थंडी संपेपर्यंत तिला पहिल्या तासाची सूट द्या, असं मी म्हणाले. आधी त्यांनी नियम सांगितला, मग वर्गशिक्षकांनी वही चाळली आणि त्यांच्या वर्गात पंप वापरणारी अजून तीन मुलं आहेत म्हणाल्या. सोमवारी त्या आयांना भेटणार आहे.

मेलमध्ये माझं नाव घाला. वहीच्या पानांचे फोटोही जोडते.

आत्ता गच्चीवरूनच टाइप करतेय. वारं पडलंय, काकूंनी चूल पेटवलीय, धूर आंब्याच्या शेंड्याला जाऊन आडवा व्हायलाय. लेकीनं लिहिलंसुद्धा. ऑटोवाल्या दादांना उद्या नका येऊ म्हणून फोन करते.

रब्बीची_ज्वारी | २१ डिसेंबर, संध्याकाळी ६:४०

ताई, आमच्याकडंही आज वारं नाही. शेजारच्या बांधावर एक ढीग पेटवायचा म्हणत होते, जाऊन थांबवून आलो. उद्या दुपारी बघू म्हणालेत.